बिनफवारणीचा वाफा

बटाट्याच्या पाकोळीपासून माझी नोकरी सुरू झाली आणि डाळिंबाच्या तेल्यापाशी येऊन थांबली. मधल्या काळात जे केलं त्याला कागदोपत्री ‘सहयोगी संशोधन’ म्हणतात. विद्यापीठातले दोन-तीन विभाग, एखादी केंद्रीय संस्था, कधी परदेशातलं एखादं वजनदार नाव, आणि यादीच्या तळाशी, बहुधा ‘इतर’ या रकान्यात, शेतकरी. आधी खेड-आंबेगावकडे आणि नंतर सांगोला-आटपाडीच्या माळावर फिरताना जे उमगत गेलं त्याला शोधनिबंधात जागा नव्हती, म्हणून ते इथे. क्रमांक घातलेत ते निव्वळ सवयीने. अहवाल लिहून लिहून हाताला तसं वळण लागलं आहे.

१. प्रयोग आपला असतो, रान दुसऱ्याचं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण त्याचा अर्थ कळायला बराच काळ गेला. औषधाचा गुण खरा की खोटा हे ठरवायचं तर त्याच्या शेजारी काहीच न फवारलेला एक वाफा ठेवावा लागतो. संशोधन केंद्राच्या शेतावर हा वाफा सरकारी असतो. किडीने तो फस्त केला तरी कोणाचं पोट दुखत नाही; उलट जितका फस्त होईल तितका आमचा तक्ता देखणा दिसतो. शेतकऱ्याच्या रानात तोच वाफा म्हणजे त्याची काही पोती बटाटा असतो, आणि ती डोळ्यांदेखत किडीला घाल, असं आपण त्याला अदबीने सांगत असतो.

वर तो वाफा कुठला, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. या चिठ्ठ्यांमागे मोठं घराणं आहे. इंग्लंडमधल्या रॉदमस्टेडला रोनाल्ड फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांची आकडेमोड कशी करायची ते दाखवलं, आणि ती रीत छापून आली ती १९२३ साली, बटाट्याच्या जाती आणि खतं यांवरच्या एका निबंधात. चिठ्ठ्यांचा आग्रह त्यानंतर दोन-तीन वर्षांत आला. आपल्याकडे पानसे आणि सुखात्मे यांच्या १९५४ च्या पुस्तकाने तो कृषी महाविद्यालयातल्या पोरापोरींच्या गळी उतरवला. (सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, हे मी शेतकऱ्यांना अभिमानाने सांगायची. त्याने चिठ्ठीवरचा राग काही कमी व्हायचा नाही.)

सातगाव पठारावरच्या एका आबांनी चिठ्ठ्यांचा डबा हातात घेऊन विचारलं, “वरचा तुकडा निघाला तर? ती माझी सगळ्यात तालेवार माती हाय.”

“म्हणून तर चिठ्ठी, आबा. मी निवडायला बसले तर नकळत हलक्या मातीला बिनऔषधाचं ठेवीन आणि औषधाला फुकटचं श्रेय मिळेल.”

त्यांना ते चटकन पटलं. पटलं म्हणूनच पुढचा प्रश्न आला. “मंग नुकसानीची बी चिठ्ठी टाका. एकीवर माझं नाव, एकीवर तुमचं.”

अंदाजपत्रकात औषधं होती, मजुरी होती, प्रवास होता, स्टेशनरीसुद्धा होती. नुकसानभरपाईचा रकाना नव्हता. पुढच्या प्रस्तावात मी तो घातला, तर ‘औचित्य स्पष्ट करावे’ असा शेरा मारून कागद परत आले. औचित्य स्पष्ट करायला मी आबांचं वाक्य जसंच्या तसं लिहून पाठवायच्या विचारात होते. वरिष्ठांनी आवरलं. शेवटी तो खर्च ‘प्रक्षेत्र वापर शुल्क’ अशा भारदस्त नावाखाली मंजूर झाला, आणि आबांनी पावतीवर सही करताना नाव दोनदा वाचून घेतलं.

२. शेतकऱ्याची जी सवय आपल्याला चुकीची वाटते, ती बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या तरी दुखण्यावरचा इलाज असते. पाकोळी, म्हणजे बटाटा पोखरणारा पतंग, मूळची दक्षिण अमेरिकेची. १९०६ च्या सुमारास इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर ती मुंबई इलाख्यात उतरली आणि इथलीच झाली. उघड्या पडलेल्या बटाट्याच्या डोळ्यापाशी ती अंडी घालते, अळी आत बोगदे करते, आणि डोळ्याच्या तोंडाशी काळी भुरकट विष्ठा दिसू लागली की समजायचं, बटाटा गेला. राजगुरुनगरच्या बटाटा संशोधन केंद्रात तिच्यावर बरंच काम झालेलं होतं. शिफारशी पक्क्या होत्या: मातीची भर नीट लावा, काढलेला बटाटा रात्रभर रानात उघडा ठेवू नका, आणि त्याच्या ढिगावर बटाट्याचाच पाला झाकू नका. पाला सुकायला लागला की पानातल्या अळ्या उपाशी राहत नाहीत. त्या खाली उतरतात आणि थेट बटाट्यात शिरतात. म्हणजे पांघरूण म्हणून आपण किडीचीच रजई घालतो.

हे सगळं मी चित्रांसकट समजावून सांगायची. माना डोलायच्या. संध्याकाळी परत जाताना पाहावं तर रानोरान ढिगांवर पाला.

कारण विचारावं हे मला सुचलं ते फार नंतर. ऊन लागलं की बटाटा हिरवा पडतो, आणि हिरवा बटाटा व्यापारी बाजूला काढतो. बारदान येणार गाडीबरोबर, गाडी कधी येणार ते आडत्याला ठाऊक. तोवर झाकायला हाताशी, फुकट, भरपूर असा एकच माल: पाला. पाकोळीचं नुकसान महिन्याभराने दिसतं, हिरव्या बटाट्याचं उद्या सकाळी. त्यांचा हिशेब चोख होता. माझ्या पत्रकात त्या हिशेबातली एकच बाजू होती.

मार्ग निघाला तो बैठकीत मागे बसलेल्या एका मावशींकडून. “पालाच पायजे ना? मग घाणेरीचा घाला की. बांधाला नुसती माजलीय.” घाणेरीचा पाला साठवणीतल्या बटाट्यापासून पाकोळीला लांब ठेवतो, हे कितीतरी आधी प्रयोगांनी दाखवलेलं आहे. ते निबंध मी वाचले होते, त्यांवर टिपणं काढली होती, आणि पत्रकात मात्र ‘ताडपत्रीने झाकावे’ असं लिहिलं होतं. ताडपत्रीची किंमत मी कधी विचारली नव्हती. झाडाच्या सावलीत बटाट्याची आरण लावताना खाली-वर घाणेरीचा थर घालायचा, हे पुढे त्या वस्तीवर रुळलं. पत्रकामुळे रुळलं असं मी कुठेही लिहिलेलं नाही.

३. दूरच्या माणसाबरोबर संशोधन करणं सोपं असतं, बांधाला बांध लागून असलेल्या दोन भावांना एकत्र आणणं महाकठीण. पाकोळीवर कोपिडोसोमा नावाचा एक मित्रकीटक आहे. डोळ्यांना जेमतेम दिसतो. मादी पाकोळीच्या अंड्यात आपलं अंडं घालते, ते अंडं आतल्या आत विभागत जातं, पाकोळीची अळी बिचारी जन्मते, खाते, वाढते, आणि पूर्ण वाढल्यावर तिची ममी होते. त्या एका ममीतून डझनावारी मित्रकीटक बाहेर पडतात. मला आजही हा प्रकार अद्भुत वाटतो. शेतकऱ्यांना तो ऐकायला आवडायचा, पण त्यांना रानात मेलेली अळी बघायची असायची. माझा कीटक काम करतोय याचा पुरावा म्हणजे काहीच न दिसणं. दुकानदाराच्या बाटलीशी असल्या पुराव्यावर कोण झुंजणार?

त्यातून आम्ही एका रानात ममी सोडायच्या आणि वाऱ्याच्या बाजूला शेजाऱ्याने पंप पाठीवर घ्यायचा. भावकीचा वाद असेल तर मुद्दाम त्याच दिवशी.

याच सुमारास मी कॅनडातल्या ओकानागन खोऱ्याबद्दल वाचलं. तिथे सफरचंद पोखरणाऱ्या कॉडलिंग मॉथचे पतंग कारखान्यात वाढवत, किरणोत्साराने वांझ करत आणि १९९४ पासून बागांवर सोडत. वांझ नराशी जुळलेल्या मादीची अंडी फुकट जातात. विज्ञान सुंदर आहेच, पण मी थबकले ते त्याच्या पैशापाशी. बागायतदार एकरामागे पट्टी भरतातच, शिवाय त्या भागात ज्यांचं घर आहे, बाग नाही, तेही मालमत्ता कराबरोबर आपला वाटा देतात. घरामागच्या सफरचंदाच्या एकुलत्या एका झाडावरही कीड पोसली जाऊ नये, अशी घरमालकाची जबाबदारी मानली जाते.

ही गोष्ट मी मोठ्या उत्साहाने ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर सांगितली. क्षणभर शांतता. मग एकजण म्हणाला, “म्हंजे ज्याच्याकडं बटाटा न्हाई त्यानं बी पट्टी भरायची?” दुसरा म्हणाला, “अन् ज्याच्याकडं हाय तो भरनार का, ते आधी इचार.” हशा झाला आणि सभा पाण्याच्या पाळीच्या भांडणाकडे वळली. मला वाटतं ओकानागनची खरी कमाई त्या पट्टीत आहे, पतंगात नाही. पतंग कोणीही आयात करील.

४. मेलेल्या झाडाभोवती जितके तज्ज्ञ उभे राहतात तितकी त्याच्या मरणाची कारणं निघतात. डाळिंबाची ‘मर’ हा असाच प्रकार. आटपाडीजवळच्या एका बागेत आम्ही सगळे विभाग प्रथमच एकत्र उभे होतो. भगवा जातीचं चांगलं वाढलेलं झाड, अर्धी बाजू पिवळी पडून पानं लोंबलेली. मी कीटकवाली, तेव्हा खोडावरची सुईच्या टोकाएवढी भोकं आणि त्यांतून गळलेला भुसा मला आधी दिसला: खोडाला भोकं पाडणारा भुंगेरा. रोगशास्त्राच्या सरांनी खोड आडवं कापून आतल्या लाकडावरचा काळपट-करडा डाग दाखवला: सेरॅटोसिस्टिस बुरशी. सूत्रकृमीच्या बाईंनी तोवर मुळं उकरून गाठी मोजायला घेतल्या होत्या. प्रत्येकाचं बरोबर होतं. प्रत्येकाचा नमुना वेगळ्या पिशवीत गेला आणि प्रत्येक पिशवीवर झाडाचा वेगळा क्रमांक पडला.

भुंगेऱ्याने बुरशी आणली, की बुरशीने दुबळ्या झालेल्या झाडाला भुंगेरा लागला, की मुळांच्या जखमांतून सगळ्यांनाच वाट मिळाली, यावर आम्ही बांधावर जेवण निवेपर्यंत बोलत होतो. बागेचे मालक ऐकत उभे होते. त्यांनी विचारलं ते एवढंच: शेजारच्या चार झाडांना आज काय करू? आणि पाण्याची नळी खोडाला चिकटून सोडलीय ती हलवू का, कारण त्यांचे वडील म्हणायचे डाळिंबाच्या बुडाशी पाणी ठेवू नये. आमच्यापैकी एकानेही तोवर नळीकडे पाहिलं नव्हतं. ओल हा कोणाचाच विभाग नव्हता.

त्या दिवसानंतर एका झाडाला एकच क्रमांक, आणि सगळ्यांची नोंद एकाच वहीत, असा नियम झाला. माझ्या नोकरीतली ती सर्वांत मोठी प्रशासकीय लढाई होती आणि ती एका वहीसाठी होती.

५. यादीत ज्यांचं नाव नसतं त्यांच्या हातात बहुधा सगळ्यात जास्त असतं. डाळिंबाचा तेल्या रोग पहिल्यांदा ओळखतात त्या बागेत राबणाऱ्या बायका. पान तोडून उन्हाकडे धरायचं; डाग तेलकट, पारदर्शक दिसला की झालं. आमच्या पाहणी पथकाच्या आधी कित्येक दिवस त्या मालकाला सांगून मोकळ्या झालेल्या असत, आणि मालक ‘बघू’ म्हणून मोकळा झालेला असे. एकदा मी छोटा सूक्ष्मदर्शक बागेत नेला. डागाचा कडेचा तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवला की कापलेल्या कडेतून जिवाणूंचा लोट बाहेर पडताना दिसतो. एकेकीने डोळा लावला. एकजण म्हणाली, “अगं बया, हे तर सांडतंयच की.” आणि लगेच हात पदराला पुसले. मी वर्गात तासभर बोलून जे पोचत नाही ते त्या हात पुसण्यात होतं: हा रोग हातांनी जातो, कात्रीने जातो, पावसाच्या शिंतोड्यांनी जातो, गुटीच्या रोपांबरोबर जातो.

कात्रीवरून आठवलं. छाटणीच्या टोळ्या एका बागेतून दुसरीत, एका तालुक्यातून दुसऱ्यात जातात. आमच्या शिफारशीत होतं की प्रत्येक झाडानंतर कात्री एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवावी. ही शिफारस बागायतदारांच्या मेळाव्यात वाचली जाई. टोळीतला एकही माणूस मेळाव्याला नसे. एका मुकादमाला गाठून सांगितलं, तर त्याने सरळ हिशेब मांडला. मजुरी झाडावर मिळते. कात्री बुडवून थांबायचं म्हणजे दिवसाची झाडं कमी. “रोग तुमच्या मालकाचा, थांबायचं आम्ही?”

मग दोन कात्र्या झाल्या: एक बादलीत, एक हातात, झाडागणिक अदलाबदल. दुसरी कात्री मालकाने द्यायची. हे सुचवलं मुकादमानेच. लेखात आम्ही त्याला ‘द्विअवजार पद्धत’ असं नाव दिलं. त्याला सांगितल्यावर तो बराच वेळ हसत होता.

६. शोधाचं श्रेय ज्याच्याकडे जातं त्याच्यापर्यंत तो शोध बहुधा चालत आलेला असतो. बोर्डो मिश्रणाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, तरी मी ती सांगायची संधी सोडत नाही. फ्रान्सच्या मेडॉक भागातले द्राक्षवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड चोरू नयेत म्हणून. बोर्डो विद्यापीठातले प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींवर केवडा नाही. रसायनशास्त्रज्ञ गेयों यांना सोबत घेऊन त्यांनी प्रमाणं बसवली आणि १८८५ मध्ये ते जाहीर केलं. द्राक्षावरून ते मिश्रण बटाट्याच्या करप्यावर गेलं, आणि आज सोलापूरकडच्या डाळिंबाच्या खोडांना जो निळसर लेप दिसतो तोही त्याच घराण्यातला. मिलार्दे पाहणारे होते यात शंका नाही. पण चोरांवर नजर ठेवणाऱ्या त्या बागवानांपैकी एकाचंही नाव मला माहीत नाही. आमच्या निबंधांतही शेवटी एक ओळ असते: ‘सहकार्याबद्दल शेतकऱ्यांचे आभार.’ पानं कमी करायची वेळ आली की आधी तीच जाते.

७. ‘फवारा’ म्हणणं सोपं, ‘फवारू नका’ म्हणायला छाती लागते. बटाट्याच्या उशिराच्या करप्याचा अंदाज हवामानावरून बांधता येतो, हे नवं नाही. ब्रिटनमध्ये १९५६ पासून स्मिथ यांचा निकष होता: सलग दोन दिवस तापमान १० अंशांखाली उतरलं नाही आणि दोन्ही दिवशी किमान ११ तास हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांवर राहिली, तर सावध व्हा. रोग आणणाऱ्या बुरशीसारख्या जिवाची जात बदलत गेली, निकष ढिला पडला, आणि २०१७ मध्ये स्कॉटलंडच्या जेम्स हटन संस्थेच्या कामातून नवा निकष आला. त्यात ११ ऐवजी ६ तास पुरतात. आपल्याकडे केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने पश्चिम उत्तर प्रदेशासाठी ‘झुलसाकास्ट’ बसवलं. म्हणजे शास्त्र आहे.

पण सातगाव पठारावर खरिपात आभाळ खाली उतरतं, धुकं आणि झिमझिम पाऊस सुरू होतो, आणि गावातला प्रत्येक पंप बाहेर निघालेला असतो. अशा वेळी ‘अजून दोन दिवस थांबा, हवामान करप्याला पुरेसं नाही’ असं सांगणारी मी एकटी. अंदाज बरोबर आला तर एक फवारणी वाचते. चुकला तर पीक जातं, आणि ते त्याचं जातं, माझं नाही. माझा पगार दोन्ही बाबतीत पहिल्या तारखेला. हे शेतकरी बोलून दाखवत नाहीत, फक्त विचारतात, “मॅडम, तुमचं सोताचं असतं तर थांबला असता?” त्याचं प्रामाणिक उत्तर मी दर वेळी वेगळं दिलं आहे.

८. रोग सापडणं हीसुद्धा कोणाची तरी हानी असते. १९६१ मध्ये उटीजवळ जोन्स नावाच्या ब्रिटिश सूत्रकृमितज्ज्ञाला बटाट्याच्या मुळांवर पुटीवाला सूत्रकृमी दिसला. देशाला ते कळणं गरजेचंच होतं. पण निलगिरीतल्या शेतकऱ्याच्या बेण्याला त्यानंतर बाहेरची दारं बंद झाली. २०१८ मध्ये हिमाचल, उत्तराखंड आणि जम्मू-काश्मीरमध्येही तो आढळल्याचं जाहीर झालं, आणि ज्या डोंगरांतून देशभर बेणं जायचं त्यांच्याच बेण्याच्या वाहतुकीवर बंधनं आली. बंधनं योग्यच. माती एकदा बाधली की पिढ्यान्‌पिढ्या जात नाही.

हे कळल्यावर मला डाळिंबवाले समजायला लागले. सर्वेक्षणाला गेलं की ‘आपल्यात नाही बघा तेल्या’ हे ऐकून ऐकून मी वैतागायची. बाग दिसली की ओळखावं, फळावर इंग्रजी ‘वाय’सारखी चीर गेलेली, आणि मालक म्हणतोय ऊन लागलंय. पण तेल्याचं नाव गावात फुटलं की व्यापारी भाव पाडतो, गुटी विकत असेल तर तो धंदा बसतो, बागेवर कर्ज असेल तर आणखी एक काळजी. खरं सांगून त्याच्या हाती काय पडणार होतं? आमच्या नकाशावरचा एक लाल ठिपका. पुढे आम्ही ठरवलं की नकाशावर गाव दाखवायचं, गट नंबर नाही, आणि निदान फक्त मालकाच्या हातात द्यायचं. काही सहकाऱ्यांना ते अशास्त्रीय वाटलं. नकाशा जरा ढोबळ झाला, हे खरं आहे. पण ठिपके वाढले, कारण लोक बोलायला लागले. ढोबळ खरं आणि बारीक खोटं यांत मी ढोबळाच्या बाजूची.

९. रोग न आल्याचं दुःख फक्त संशोधकालाच होऊ शकतं. सांगोल्याकडे तेल्यावरचा एक प्रयोग आम्ही फार मनापासून उभा केला होता. बोर्डो, पानगळीनंतर जमिनीवर ब्लिचिंग पावडर, कात्रीची शिस्त, आणि अर्थात बिनफवारणीच्या ओळी. या वेळी त्या ओळींच्या नुकसानीचा वाटा तिथल्या शेतकरी गटातल्या सगळ्या बागायतदारांनी आधीच वाटून घेतला होता. त्यावरून दोन बैठका गाजल्या होत्या. एकाचं म्हणणं, वाटा एकरावर असावा, दुसऱ्याचं, झाडावर. मी काही न बोलता चहा घेत बसले होते, इतकं मला तोवर जमू लागलं होतं.

हस्त बहार धरला. परतीचा पाऊस फिरकला नाही. आकाश निरभ्र, हवा कोरडी. मी दर आठवड्याला जायची, बिनफवारणीच्या ओळींत वाकून वाकून डाग शोधायची. पानं तुकतुकीत. फळं फुगत गेली, रंग धरला. औषध मारलेली ओळ आणि न मारलेली ओळ यांत फरक सापडेना. सगळा प्रयोग पाण्यात. खरं तर पाण्याअभावी. गटातली माणसं मात्र अशा खुशीत की माझं उतरलेलं तोंड कोणाच्या ध्यानातही आलं नाही. गटप्रमुखांनी माल गेल्यावर पेढ्यांचा पुडा घेऊन गाठलं आणि अहवालात काय लिहिलंय ते वाचून दाखवा म्हणाले.

मी वाचलं: “रोगाचा प्रादुर्भाव नगण्य राहिल्याने उपचारांमधील फरक सिद्ध होऊ शकला नाही.”

त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, “मॅडम, ह्येच वाक्य पुढच्या वर्षी बी लिवा.”